बारा काचा

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथं ते सुखात होतं. एकतीस वर्षं ती एकच काम करत आली होती. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि परक्या पुरुषांचे शुक्राणू मोजायचे. डाव्या मुठीत अंगठ्याने दाबायचं छोटं मोजणीयंत्र. दिसला की टिक, दिसला की टिक. नवीन लग्न झालेल्या मुली कामाला लागल्या की पहिले चार दिवस तिच्या टेबलाकडे बघून पदरात, ओढणीत, रुमालात हसत. पाचव्या दिवशी त्याच मुली जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी डबा उघडत आणि आवाज उतरवून काहीबाही विचारत.

आता आपोआप मोजणारी यंत्रं आली होती. पण यंत्राने शून्य दाखवलं की प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई अजूनही म्हणत, "मोजणीबाईंना बघू दे." तिथला नियमच होता तसा. बाकी कुठलाही आकडा एका सहीवर जाई. शून्याला दोन सह्या लागत. पहिल्याने बघायचं, मग ते वीर्य यंत्रात गरगरा फिरवून तळाशी बसलेला साका काचांवर घ्यायचा, आणि दुसऱ्याने निदान दोन काचा कडेपासून कडेपर्यंत बघितल्याशिवाय 'आढळले नाहीत' असं लिहायचं नाही. ही दुसरी सही बहुतेक वेळा मोजणीबाईची असे. तिचे डोळे इतके नावाजलेले होते की लांबलांबच्या शहरांतले दवाखानेही आपली शून्यं तिच्याकडे पाठवत. नाव कापलेलं, फक्त नंबर. नंबर म्हणजे नंबर, त्याच्यामागे माणूस शोधायला जायचं नाही, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगे.

घरी तिचा मुलगा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि सून होती. मुलगा दहा वर्षांचा असतानाच तिचा नवरा वारला होता. सून कॉलेजात जीवशास्त्र शिकवी. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. दुखणं काय ते एवढंच, पण सगळ्या घराला पुरून उरणारं.

दर वर्षी शेवटच्या वर्गाला प्रजनन आरोग्याचा धडा आला की सून सासूला कॉलेजात बोलवी. बाकीचे शिक्षक हा धडा "घरी वाचा, सोपा आहे" म्हणून एका दमात उलटून टाकत. सून तो आठवडाभर शिकवी. मोजणीबाई एका हातात मायक्रोस्कोपची पेटी आणि दुसऱ्या हातात झाकलेला ट्रे घेऊन वर्गात शिरली आणि तिने ट्रेवरचं फडकं काढलं, की दर वर्षी ठरल्यासारखा मागच्या बाकांवरून खसखसाट होई. ट्रेमध्ये तांबी असे, गोळ्यांची पाकिटं असत, कंडोम असत.

"हसून घ्या," ती या वर्षीही म्हणाली. "दोन मिनिटं देते. नंतर नको. तुम्ही हसलात की मला हसू येतं, आणि माझी कवळी जरा सैल आहे."

मग वर्ग मोकळेपणाने हसला आणि गप्प झाला. मोजणीबाईने तांबी चिमटीत धरून वर केली. ती कुठं बसवतात, किती वर्षं राहते, गोळ्या काय करतात, आणि या सगळ्यांत रोग अडवणारी वस्तू एकच, कंडोम, हे तिने भाजीवाल्याकडून निवडून घ्यावं तसं एकेक उचलून सांगितलं. "अर्धी माणसं मूल होऊ नये म्हणून आमच्याकडे येतात आणि अर्धी व्हावं म्हणून," ती म्हणाली. "खिडकी एकच. रांगेत एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. बरं, आता सांगा, मूल होत नसेल तर आधी तपासायचं कोणाला?"

"बाईला," पुढच्या बाकावरची मुलगी चटकन म्हणाली.

"चूक. दोघांना. आणि त्यातही पुरुषाला आधी, कारण त्याचं सोपं. एका डबीचं काम. सुई नाही, भूल नाही, पोटात कळ नाही. बाईच्या गर्भनलिका उघड्या आहेत का हे बघायला आत रंग सोडतात, आणि ते दुखतं. जितक्या वेळा कारण बाईकडे सापडतं जवळजवळ तितक्याच वेळा पुरुषाकडे सापडतं, काही वेळा दोघांकडे, आणि काही वेळा कोणाकडेच नाही. तेव्हा कागद हातात आल्याशिवाय कोणावर बोट दाखवायचं नाही. कागद बघायचा. लोकांचं तोंड नाही बघायचं."

सून वर्गाच्या मागच्या भिंतीवरचा फळा पुसत होती. तो फळा आधीच पुसलेला होता.

शेवटी चिठ्ठ्या. तोंडाने विचारायला लाजतात म्हणून सून बुटांच्या खोक्याला भोक पाडून ठेवी आणि मुलं त्यात बिननावाचे प्रश्न टाकत. ती एकेक चिठ्ठी उघडून वाची, मोजणीबाई उत्तर देई. एक दिवस गोळी विसरली तर काय? नसबंदी केल्यावर माणसाची ताकद जाते का? ("माझ्या ओळखीतला एक जण नसबंदीनंतर दोन महिन्यांनी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढला. बायकोने उतरवून परत खाली न्यायला लावलं, ती गोष्ट वेगळी.") असं चाललं होतं आणि सुनेने एक चिठ्ठी उघडली, वाचली, तिच्या चार घड्या केल्या आणि आपल्या पांढऱ्या एप्रनच्या खिशात टाकली.

"हा प्रश्न येऊन गेला," ती म्हणाली.

मोजणीबाईला वाटलं, कोणीतरी वाह्यात काही लिहिलं असेल. तिने मनावर घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी मोजणीबाईच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. धाकटीला दोन नातवंडं होती आणि ती फोनवर आधी त्यांचे दात मोजून दाखवी. मग गाडी ठरल्या ठिकाणी आली. "तुमच्याकडे काही बातमी?"

"कसली बातमी आणि काय," मोजणीबाई म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा, फोनवर आणखी मोठा. "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे गं. त्याचा रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीच नॉर्मल आलाय. आता काय ते हिचंच."

शेजारच्या खोलीत सून पेपर तपासत होती. तिचं लाल पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

मोजणीबाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर गोष्ट सोपी झाली असती. सुनेला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. पण या एका बाबतीत तिची मती फिरली होती, एवढं खरं. मुलगा म्हणाला, "मी तपासून घेतलं, नॉर्मल आहे," आणि तिने मान डोलावली. कागद मागितला नाही. जन्मभर कागदाशिवाय सख्ख्या बहिणीच्या सर्दीवर विश्वास न ठेवलेली बाई! सुनेच्या नळ्यांची तपासणी झाली त्या दिवशी मात्र ती बरोबर गेली होती, बाहेर तिची पर्स सांभाळत बसली होती. सून भिंतीला धरत, ओठ पांढरे पडलेले, बाहेर आली. दुसऱ्या दिवशी नळ्या उघड्या असल्याचा रिपोर्ट आला तेव्हा मोजणीबाई म्हणाली, "रिपोर्टवर सगळंच दिसतं असं नाही." सुनेने तो रिपोर्ट घडी घालून फायलीत ठेवला.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी एका लांबच्या शहरातल्या दवाखान्याचं खोकं आलं. सहा तासांचा रस्ता होता तिथला. आत कापसात बसवलेल्या बारा काचा होत्या, रंग देऊन तयार केलेल्या, आणि एक फॉर्म. नंबर चारशे सतरा. वय चौतीस. लग्नाला आठ वर्षं. पहिल्या दोन तपासण्यांत शून्य. शेजारी तिथल्या डॉक्टरांची टीप होती: 'साक्यात थोडे जरी शुक्राणू आढळले तरी जोडपं पुढील उपचारास तयार आहे. काळजीपूर्वक पाहावे.'

मोजणीबाईने चष्मा वर सरकवला आणि सवयीने 'पूर्वीचे आजार' हा रकाना बघितला. रकाना दवाखान्यातल्या कोणी भरला नव्हता. जोडप्यातल्याच कोणीतरी भरला होता. मुद्दे एकाखाली एक, प्रत्येक आकड्याभोवती गोल, आणि महत्त्वाच्या शब्दाखाली दोन रेघा.

हे गोल ती आठ वर्षं स्वयंपाकघरातल्या यादीवर बघत होती. साबणाभोवतीही गोल, तेलाभोवतीही गोल.

पहिला मुद्दा: वयाच्या चौदाव्या वर्षी गालफुगी. दुसरा: पाचव्या दिवसापासून दोन्ही वृषणांना सूज, वेदना. तिसरा: अकरा दिवस ताप. चौथ्या मुद्द्याखाली दोन रेघा होत्या. घरी सांगितलं नाही.

फॉर्म पालथा घालून ती बसून राहिली. पलीकडच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मोजणीबाई, चहा?" तिने नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे तिलाही कळलं नाही.

अकरा दिवस. तिला ते दिवस आठवत होते, नाही कसे? वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतले निम्मे लोक आजारी पडले होते आणि ती दोन-दोन पाळ्या करत होती. मुलाचे गाल सुजले होते. तिने डोक्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि गालफुगीच ती, आठवड्यात उतरेल, म्हणून कामावर गेली. एका संध्याकाळी परत आली तर तो भिंतीच्या कडेने पाय फाकवून हळूहळू न्हाणीघराकडे चालला होता. ती दमलेली होती, तरी तिला हसू आलं. "काय रे, बदकासारखा काय चालतोस?" ती म्हणाली होती. तो लाल झाला आणि म्हणाला, "पाय आखडलेत."

पाय आखडलेत! आणि तिने त्यावर विश्वास ठेवला. दिवसभर जगाच्या पुरुषांचं तेच बघून घरी येणाऱ्या आईला तिचा मुलगा 'तिथं दुखतंय' एवढं सांगू शकला नव्हता.

ओळखीच्या माणसाचा नमुना आला तर उठायचं, डॉक्टरीणबाईंना सांगायचं आणि काचा दुसऱ्याकडे द्यायच्या. हाही नियमच होता, आणि तो तिनेच तीन पिढ्यांच्या मुलींना शिकवला होता. ती उठली नाही. तिचा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. जाणूनबुजून केलेली चूक होती ती, आणि तिने खुर्ची पुढे ओढून पहिली काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

एक सापडला तरी पुरे होता. शिकवताना ती नेहमी सांगे, लाखोंची गरज असते ती निसर्गाला. आता प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने उचलून स्त्रीबीजात सोडता येतो. एक दिसला तर बाकीचेही शोधता येतील, वाट निघेल. तिने डाव्या मुठीत मोजणीयंत्र धरलं. डावीकडून उजवीकडे, एक घर खाली, उजवीकडून डावीकडे. गोल पेशी होत्या, रंगाचे कण होते, तुटकेफुटके तुकडे होते. शेपूट नव्हती. पहिली काच झाली. दुसरी झाली. नियमाने इथं थांबायचं होतं.

तिने तिसरी घेतली.

कधी नव्हे ते ती मनात बोलत होती. ये की रे बाबा. एकच ये. कसलाही ये, वाकडा ये, दोन डोक्यांचा ये, मी ओळखीन तुला. चहा गार होऊन त्यावर साय धरली. सहावी झाली, सातवी झाली. मान धरली, उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तिने डावा लावला. नवव्या काचेच्या मधोमध काहीतरी लांब, बारीक, एका टोकाला जाडसर दिसलं आणि तिचा अंगठा आपोआप दाबला गेला. टिक.

तिने श्वास धरून भिंग फिरवलं. जाडसर टोक पसरट झालं आणि शेपूट काचेच्या कडेपर्यंत लांबत गेली. कापसाचा धागा होता.

मोजणीयंत्रावर एक दिसत होता. एकतीस वर्षांत तिचा अंगठा फुकट दाबला गेला नव्हता. तिने बाजूची खुंटी फिरवून तो आकडा पुन्हा शून्यावर आणला आणि दहावी काच घेतली.

दिवे लागायच्या आधी बाराव्या काचेची शेवटची कड संपली. ती नेहमी 'दोन काचा पाहिल्या' असं लिही. या वेळी तिने लिहिलं, 'बारा काचा पाहिल्या. शुक्राणू आढळले नाहीत.' आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचा तिला राग आला.

घरी गेल्यावर तिला मुलाच्या तोंडाकडे बघवेना. तो जेवताना कुठल्याशा इमारतीतल्या लिफ्टची गंमत सांगत होता. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी लिफ्ट अडकल्यावर आतून फोन करून आधी बायकोला चहा टाकायला सांगितला, मग त्याला बोलावलं. सून हसली. मोजणीबाईही हसली. हे पोर आपल्याशी तीन वर्षं खोटं बोललं, हे तिला सारखं खुपत होतं. पुरुषाचा अभिमान, दुसरं काय. आपली उणीव झाकायला बायकोला पुढे केलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सख्ख्या मुलाबद्दल असं मनात आलं म्हणून रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

रविवारी ती धुणं घेऊन बसली. तिचा आणि सुनेचा, दोघींचे पांढरे एप्रन ती एकत्रच भिजवी, आणि भिजवण्याआधी खिसे चाचपी, कारण सुनेच्या खिशात हमखास खडू निघत. या वेळी खडूबरोबर एक चार घड्यांची चिठ्ठी निघाली. आत कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मोठ्या मुलाला गालफुगी झाली आणि खाली सूज आली तर त्याला पुढे मूल होत नाही का? माझ्या भावाला झाली होती.'

मागच्या बाजूला लाल पेनने, सुनेच्या अक्षरात, एक ओळ होती. 'उद्या वर्गात उत्तर द्यायचं. आईंच्या समोर नको.'

मोजणीबाई बादलीशेजारच्या पाटावर तशीच बसली. नळ वाहत होता. तो बंद करायला हवा हे तिला दिसत होतं. मुलाने अभिमानापायी लपवलं नव्हतं. तिच्यापायी लपवलं होतं. गालफुगी हा शब्द तिच्या कानावर पडू नये, तिने ते अकरा दिवस आठवू नयेत, दोन पाळ्या करायला गेलेल्या आईने स्वतःला फाडून खाऊ नये, म्हणून दोघांनी मिळून तो शब्द घरातून हद्दपार केला होता. म्हणून सहा तासांवरचा दवाखाना. आणि त्याबदल्यात जे काही बोलणं खावं लागेल ते सुनेने खाल्लं होतं. जिला आपण येता-जाता टोचत आलो, ती आपल्याला जपत होती.

ती रडली. एप्रन तोंडात धरून रडली, कारण आत दोघं पेपर वाचत बसले होते.

मंगळवारी दुसऱ्या तुकडीचा तास होता. ट्रे झाला, हसणं झालं, चिठ्ठ्या संपल्या. सून खोकं उचलायला पुढे आली, तेव्हा मोजणीबाई म्हणाली, "थांब. पहिल्या तुकडीचा एक प्रश्न राहिलाय, तो तुम्हीही ऐका."

सून जागच्या जागी थांबली.

"गालफुगी," मोजणीबाई वर्गाकडे वळून म्हणाली. "लहानपणी झाली तर सहसा काही नाही. लस घेतली असेल तर बहुतेकदा होतच नाही. पण वयात आलेल्या मुलाला झाली तर काही जणांच्या वृषणांना सूज येते. बहुतेकांना एकाच बाजूला, आणि बहुतेक जण बरे होतात, त्यांना पुढे मुलंही होतात. तेव्हा कोणाच्या भावाला झाली असेल तर घाबरून जाऊ नका. फार थोड्यांची दोन्ही वृषणं निकामी होतात. फार थोडे. पण असतात. म्हणून पोरांनो, तिथं दुखलं, सुजलं, तर त्याच दिवशी सांगायचं. आईला सांगायला लाज वाटली तर बापाला, तो नसेल तर मास्तरांना. मी अशा एका बाईला ओळखते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा होता, त्याला हे झालं आणि तो बोलला नाही. ती म्हणाली, काय रे, बदकासारखा काय चालतोस?"

मुलं हसली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून एकेक करून थांबली.

"तिने त्याला लगेच डॉक्टरकडे नेलं असतं तरी टळलं असतं असं नाही," ती म्हणाली. "त्यावर हमखास औषध नाही. ते तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात होतं ते पुढचं. मुलाचं लग्न झालं, मूल होईना. तिने मुलाचा कागद कधी मागितला नाही. सुनेचे मात्र सगळे मागितले, आणि ते चांगले निघाले तरी तिलाच बोल लावले. आठ वर्षं. आणि ही बाई कोण, तर असले कागद लिहिण्यावर जिचं पोट चालतं ती. लिहून घ्या, परीक्षेत येणार नाही."

कोणी लिहून घेतलं नाही. घंटा झाली. मुलं नेहमीपेक्षा हळू आवाजात बाहेर पडली. एक मुलगा दारात रेंगाळला आणि मोजणीबाईकडे एकदा बघून गेला.

वर्गात दोघीच राहिल्या. सून खोकं हातात घेऊन उभी होती.

"कसं कळलं?" तिने विचारलं.

"तुझे गोल. आकड्यांभोवतीचे."

सुनेने डोळे मिटले. "इतक्या लांब गेलो होतो आम्ही, आई. तुमच्या टेबलावर येऊ नये म्हणून."

"शून्य सगळ्यांचं माझ्याकडेच येतं गं."

मोजणीबाईने ट्रेवर फडकं घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "माफ कर म्हणायला मला तोंड नाही," ती शेवटी म्हणाली. "तरी म्हणते."

"मला राग येतो तुमचा," सून म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा सरळ होता. "खोटं कशाला बोलू? तुम्ही मावशींशी फोनवर बोलता तेव्हा रोज येतो. किती वेळा वाटलं, जावं आणि सांगून टाकावं. पण पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी तो रडला नाही, काही नाही, एवढंच म्हणाला, आईला कळता कामा नये, ती त्या अकरा दिवसांवर जीव देईल. मग मी काय बोलणार?" तिने खोकं टेबलावर ठेवलं. "त्याला सांगू नका तुम्हाला कळलंय ते. त्याने तेवढं एकच धरून ठेवलंय."

"नाही सांगणार."

"मावशींना मात्र सांगा."

"आजच सांगते. माझं चुकलं म्हणून सांगते."

सुनेने मान हलवली. ती खिडकीपाशी गेली, परत आली. काहीतरी विचारायचं होतं आणि ते तिच्या तोंडातून निघत नव्हतं. "तिथल्या डॉक्टरांनी उद्या बोलावलंय," ती म्हणाली. "निकाल सांगायला. म्हणजे तुम्ही... झालंय बघून?"

"शुक्रवारीच."

"दोन काचा बघतात ना नियमाने?"

"बाराही बघितल्या."

सून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आठ वर्षांत तिने सासूकडे असं काही मागितलं नव्हतं. "एक तरी, आई?"

मोजणीबाईला वाटलं, आता या क्षणी खोटं बोलता आलं तर किती बरं होईल. पण तिला तो आकडा खोटा सांगता येत नव्हता. तेवढं एकच काम ती जन्मभर नीट करत आली होती. "एकदा वाटलं होतं," ती म्हणाली. "अंगठाही दाबला गेला. कापसाचा धागा निघाला."

"दुसऱ्या कोणाकडे दाखवलं तर?" असं सून म्हणेल, याची ती वाट बघत होती. म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण सून पहिल्या बाकावर हळूच बसली आणि तिने दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले.

"मग नाहीच," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत म्हणजे नाहीच."

मोजणीबाई मुलांच्या त्या अरुंद बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने तिच्या हातावर हात ठेवला. सुनेने तो झटकला नाही. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन थांबली, तरी दोघी उठल्या नाहीत.